खांदा धरला म्हणजे नेमके काय धरले?

चाळिशी उलटलेल्या आमच्या कितीतरी भगिनींची तक्रार एकच असते. वेणी घालायला हात मागे जात नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही, रात्री त्या कुशीवर वळले की कळ मारते. पुरुषांचे दुखणे वेगळ्या शब्दांत येते. लोकलची कडी धरता येत नाही, मागच्या खिशातले पाकीट निघत नाही. घरातले म्हणतात वात आहे. शेजारी म्हणतात झोपेत अवघडला असेल. दवाखान्यात फोटो काढावा तर तो चांगला येतो, आणि मग मुकादम विचारतो, "फोटोत काही नाही, तर कामाला काय झालं?" हातावर पोट असणाऱ्याला हा प्रश्न फार महागात पडतो.

फोटोत काही दिसत नाही, याचे कारण सरळ आहे. एक्स-रेत मुख्यतः हाडे दिसतात आणि या दुखण्यात हाडे बहुधा ठणठणीत असतात. बिघाड असतो तो हाडांना धरून ठेवणाऱ्या मऊ भागात.

शाळेत आपण उखळीचा सांधा शिकलो. पण खांद्याची उखळी नावालाच उखळी. ती बशीसारखी उथळ असते आणि दंडाच्या हाडाचा गोळा, बशीत लिंबू ठेवावे तसा, तिला टेकलेला असतो. म्हणून तर हात वर, मागे, बाजूला असा चहूकडे फिरतो. मग हे लिंबू घरंगळत का नाही? त्याला चारी बाजूंनी स्नायूंच्या कंडरांनी धरलेले असते, हाडाला हाड बांधणारे अस्थिबंध असतात, आणि या सर्वांच्या आत सांध्याभोवती एक पातळ पण चिवट पिशवी असते. ही सारी मंडळी एकाच जातीची, कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांची. दोरखंडाला पीळ असतो तसे हे धागे ताण सोसतात. पिशवीच्या आतल्या अस्तरातून वंगण पाझरते.

सदरा शिवताना शिंपी काखेत ढील ठेवतो. ढील नसेल तर हात वर करताच सदरा ताणतो. खांद्याच्या पिशवीलाही खालच्या बाजूला अशीच सैल घडी असते. खांदा धरतो तेव्हा पिशवीला सूज येते, ती जाड होते, आकसते आणि ही घडीच नाहीशी होते. अमेरिकेतील बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली या दुखण्याला ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे गोठलेला खांदा, असे नाव दिले. पिशवीच आकसते व चिकटते, हे ज्युलियस नेव्हायसर यांनी १९४५ साली मांडले.

ओळखायचे कसे? कोपर काटकोनात वाकवून कमरेला चिकटवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला वळवून पाहा. चांगला हात सहज वळतो, धरलेला जागेवरच अडतो. दुसऱ्या कोणी हळूच वळवून पाहिला तरी अडतो, आणि हीच खूण महत्त्वाची. नुसती कंडरा दुखावली असेल तर स्वतःहून हात उचलत नाही, पण दुसऱ्याने उचलला की बहुधा जातो. अर्थात शेवटचा निर्णय डॉक्टरांचा. आणि डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीवर दाब, घाम, धाप असेल तर खांदा बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावे.

दुखणे तीन टप्प्यांनी जाते. पहिले काही महिने वेदना फार, विशेषतः रात्री. मग वेदना उतरते पण हात जखडतो. शेवटी तो हळूहळू सुटतो. सारे मिळून एक ते तीन वर्षे जाऊ शकतात. कोणत्या टप्प्यात काय करावे इथेच आपले लोक दोन टोके गाठतात. कोणी दुखते म्हणून हात गळ्यात बांधून टाकतो, तर कोणी मालीशवाल्याकडे जाऊन खांदा कडाकड मोडून घेतो.

दोन्ही का वाईट, ते या धाग्यांच्या स्वभावावरून कळते. सांध्यातील हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला रक्तपुरवठा नसतो. हालचालीने ती दाबली जाते, सुटते आणि वंगणातून पोषण शोषते. शिवाय नवे कोलॅजेन ज्या दिशेने ताण मिळेल त्या दिशेने रचले जाते. ताणच मिळाला नाही तर ते वेडेवाकडे, आखूड विणले जाते. म्हणून हात बांधून ठेवणे वाईट. उलट एकदम हिसडा दिला तर हेच धागे ताठ होऊन अडतात, तुटतात आणि सूज नव्याने पेटते. सावकाश दिलेल्या आणि थोडा वेळ टिकवलेल्या ताणाला मात्र ते वश होतात. नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. वेदनेच्या मर्यादेत राहून हलका व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के लोकांचा खांदा दोन वर्षांत जवळजवळ पूर्ववत झाला. जोर लावून ताणून घेणाऱ्यांत हे प्रमाण ६३ टक्के होते. मालीशवाल्याला पैसे देण्याआधी हे आकडे आठवावेत.

पहिल्या टप्प्यात कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जाणारा झोका पुरे. चांगल्या हाताने ओट्याचा आधार घेऊन पुढे वाकावे, दुखरा हात पोहऱ्यासारखा खाली सोडावा आणि अंगाच्या हेलकाव्याने मागेपुढे, मग लहानशा वर्तुळात फिरू द्यावा. हाताने जोर करायचा नाही. रात्रीसाठी काखेखाली उशी घ्यावी. वेदना असह्य असेल तर डॉक्टर सांध्यात इंजेक्शन देतात. योग्य वेळी दिले तर त्याने सुरुवातीचे महिने सुसह्य होतात.

जखडल्यावर ताण सुरू करावा. आधी कोमट पाण्याने दहा मिनिटे शेकावे. मग भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढावी आणि जिथे ओढ लागेल तिथे वीस आकडे मोजेपर्यंत थांबावे. पाठीमागे टॉवेल धरून वरच्या, चांगल्या हाताने खालचा हात हळूच वर ओढावा. असे दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे करावे. एकदाच तासभर नव्हे. व्यायामानंतरची ठसठस थोड्या वेळात शमली तर प्रमाण बरोबर. रात्रभर राहिली तर उद्या कमी करावे.

आणखी एक गोष्ट आम्हाला ठळकपणे सांगायची आहे. मधुमेह्यांत हे दुखणे जास्त आढळते आणि जास्त चिवटही असते, कारण रक्तातली साखर कोलॅजेनच्या धाग्यांना चिकटून त्यांना ताठर करते. कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे याचा पत्ताच नसतो. तेव्हा खांदा धरला की साखर तपासूनच घ्यावी.

मुंबईत के.ई.एम., नायर, शीव या पालिका रुग्णालयांत भौतिकोपचाराचे, म्हणजे फिजिओथेरपीचे, विभाग आहेत. हाजीअलीला याच कामासाठी १९५५ पासून केंद्र सरकारची संस्था आहे. विम्याचे कार्ड असलेल्या कामगारांनी विम्याच्या दवाखान्यात दाखवून कागद करून घ्यावा. मुकादमापुढे तोच कामी येतो. रोज रुग्णालयात खेपा घालून मजुरी बुडवायची गरज नाही. व्यायाम एकदा नीट शिकून घ्यावा, घरी करावा आणि ठरलेल्या तारखेला दाखवून यावे.

बरा झालेला खांदा पुन्हा सहसा धरत नाही. मात्र काहींचा दुसरा खांदा पुढे काही वर्षांत धरतो. कोपर कमरेला लावून पंजा बाहेर वळवण्याची ती परीक्षा त्या हाताचीही अधूनमधून घेत जावी.