शालीऐवजी गोधडी

निवृत्त जवानाचा सत्कार म्हटला की शाल-श्रीफळ, हा आपला ठरलेला विधी. शाल बाजारातून येते नि पेटीत जाते. आमच्या वडिलांना दरबारातून मिळालेल्या शालींचेही तेच झाले.

अमेरिकेत कॅथरीन रॉबर्ट्‌स या बाईंचा मुलगा इराकच्या युद्धावर होता. २००३ साली त्यांनी सैनिकांना हाताने शिवलेल्या गोधड्या देण्याची चळवळ सुरू केली. आपल्याला यात परके काही नाही. १९६२ साली आपल्याही आयाबहिणींनी जवानांसाठी स्वेटर विणले होते. पीथमपूरच्या शेजारी महूची छावणी तर १८१८ पासून आहे. धार-देवासच्या महिला मंडळांनी यंदा निदान दहा गोधड्या शिवून तेथील निवृत्त जवानांना द्याव्यात. धावदोरा घालणारे हात अजून आपल्या घरांत आहेत. पुढच्या पिढीत असतीलच असे नाही.

जुन्या लुगड्यांची वस्तू भेट कशी द्यावी, असे कोणी विचारील. पण आजीच्या लुगड्याच्या दुपट्यातच आपण बाळाला निजवतो ना? नवे वस्त्र पाहुण्याला, जुने मऊ लुगडे घरच्याला. जवानाला आपल्याला हेच तर सांगायचे आहे.