मनोऱ्यावरील अँटेना आणि स्वदेशीचे सोंग

भ्रमणध्वनीच्या मनोऱ्याकडे सामान्य माणूस लोखंडी सांगाडा म्हणूनच पाहतो. परंतु त्या सांगाड्यावर काय टांगलेले आहे व ते कोणी बनविले आहे, हा प्रश्न राजकीय आहे.

मनोऱ्याच्या तीन दिशांना बसविलेल्या उभ्या, लांबट पेट्या म्हणजे पॅनेल अँटेना. प्रत्येक अँटेना साधारणपणे १२० अंशांचा प्रदेश सांभाळतो. त्याच्या पाठीशी असलेले रेडिओयंत्र लहरींची देवघेव करते, तर बेसबँड यंत्र संदेशांवर प्रक्रिया करते. जेथे प्रकाशतंतूची केबल पोहोचलेली नाही, तेथे वाटोळी मायक्रोवेव्ह थाळी हे संदेश पुढील मनोऱ्याकडे धाडते. लोखंड कोणीही उभारील. रेडिओ व बेसबँडचे ज्ञान मात्र जगात एरिक्सन, नोकिया, हुआवेई, सॅमसंग यांसारख्या मूठभर कंपन्यांच्या हाती एकवटले आहे.

भारतात हे ज्ञान निर्माण होऊ शकत नव्हते काय? १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने ग्रामीण भागासाठी वातानुकूलनाविना चालणारी दूरध्वनी केंद्रे विकसित करून त्याचे उत्तर दिले होते. परंतु १९९४ च्या दूरसंचार धोरणाने खाजगी भांडवलाला दारे उघडली आणि भ्रमणध्वनीचे जाळे आयात यंत्रांवर उभे राहिले.

या मक्तेदारांना स्वदेशीची अट कधीच जाचली नाही. ती लादली गेली बीएसएनएलवर. खाजगी कंपन्या युरोपीय व कोरियन यंत्रे बसवीत असताना, बीएसएनएलची २०२० सालची ४जी निविदा स्वदेशीच्या नावाखाली रद्द करण्यात आली. त्याच वर्षी ३१ जानेवारीला सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीच्या नावाने बाहेर पडले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये खाजगी कंपन्यांची ५जी सेवा सुरू झाली. बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी जाळ्याचे उद्घाटन व्हावयास २७ सप्टेंबर २०२५ उजाडले. मधल्या काळात गमावलेला ग्राहक कोणाच्या पदरात पडला, हे सांगणे नलगे.

स्वदेशी तंत्राला श्रमिक वर्गाचा विरोध नाही. या जाळ्याचा गाभा सी-डॉटने घडविला, ही अभिमानाचीच गोष्ट होय. परंतु रेडिओयंत्रे टाटा समूहातील तेजस नेटवर्क्सची आणि उभारणीचे कंत्राट टीसीएसकडे. २०२३ मधील ही मागणीच सुमारे १५ हजार कोटी रुपयांची होती. संशोधन जनतेचे, पैसा जनतेचा आणि नफा भांडवलदारांचा, असा हा स्वदेशीचा अर्थ आहे! शिवाय २०२१ च्या चलनीकरण योजनेत बीएसएनएल व एमटीएनएलचे १४,९१७ मनोरेही खाजगी हातांकडे सोपविण्यासाठी मांडले गेले.

म्हणूनच मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. स्वदेशी यंत्रांची अट सर्व कंपन्यांना समान लागू करा. रेडिओ व अँटेना यांचे उत्पादन १९४८ पासून उभ्या असलेल्या आयटीआयसारख्या सार्वजनिक कारखान्यांकडे द्या. मनोरे विकू नका. जेथे नफा नाही त्या डोंगरी, आदिवासी खेड्यांत मक्तेदार स्वतःहून मनोरा उभारणार नाही. तेथे सार्वजनिक क्षेत्रच पोहोचेल. ते जगविण्याचा लढा केवळ दूरसंचार कामगारांचा नाही, तो समस्त जनतेचा आहे.