अक्षराने अंग चोरावे

दिवाळी अंक हाती आला की नजर प्रथम जाते ती मथळ्यांच्या जाड अक्षरांवर. ते ठीकच आहे. दुकानाची पाटी ठळकच असावी. पण पाहुणा घरात येऊन बसल्यावरही यजमान दारातल्यासारखाच ओरडत राहिला, तर पाहुणा किती वेळ टिकेल? लांबचा मजकूर वाचायचा तर अक्षर हलक्या अंगाचेच हवे.

इंग्रजीत जाड, चौकोनी टाचांच्या अक्षरांची एक जात आहे. तिला स्लॅब सेरिफ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती इंग्लंडात जाहिरातींसाठी पुढे आली. पुढे कारागिरांनी टाचा राखून तिचे अंग उतरवले, आणि ती पुस्तकांतही सुखाने नांदू लागली. आपल्या देवनागरीला टाचा नाहीत; ओळीवर डोळा धरून ठेवायला शिरोरेघ आहे. तेव्हा आपल्याकडे खरा प्रश्न रेघेच्या जाडीचा.

तो क्षुल्लक समजू नका. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ वेगळे ओळखू येतात ते बरेचसे माथ्यावरच्या चिमुकल्या फटीमुळे. जाड टाइपात शाई फुटली की फट बुजते. ‘भान’चे ‘मान’ होते, ‘धन’चे ‘घन’. रेघ फारच बारीक केली, तर हलक्या कागदावर ती तुटते. शिवाय वर मात्रा, खाली उकार. दोन ओळींत मोकळी जागा हवीच. मुंबईत १८६९ साली निर्णयसागर काढणारे जावजी दादाजी आणि त्यांच्या टाइपाचे कारागीर राणोजी रावजी आरू हे जाणून होते. म्हणूनच त्या छापखान्याच्या संस्कृत ग्रंथांचे नाव आजही निघते.

रिद्धपुरात हा विषय मला अधिक टोचतो. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात याच गावी लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपल्या. विसाव्या शतकात अभ्यासकांनी ती कुलपे उघडली, वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ साली छापून आले. आता तर गावात मराठी भाषा विद्यापीठ आहे.

आणि विद्यार्थ्यांच्या हाती काय येते? छायाप्रतीची छायाप्रत, काळी नि गिचमिड! “सर, जुनी मराठी झेपत नाही,” असे ते म्हणतात. तीच लीळा मी एकदा हलक्या अक्षरांत, ओळी सैल सोडून छापून दिली. कठीण शब्द कठीणच राहिले. पण मुले शेवटपर्यंत गेली आणि त्या शब्दांचे अर्थ विचारू लागली. मास्तराला आणखी काय हवे?

सांकेतिक लिपीने मजकूर झाकला तो जाणूनबुजून. आपण बाळबोधात छापूनही तो झाकावा, हे बरे नव्हे. पुस्तक घेताना मधले पान उघडा आणि दहा ओळी वाचा. डोळा अडखळला, तर दुकानदाराला तसे स्पष्ट सांगा. प्रकाशकाच्या कानी ते आपोआप जाईल.