पदवी व्यापाराची, पट्टी वाचावी कोणीं?

आमच्या गांवांतील एका शेतकऱ्याचा मुलगा बी.एम.एस. होऊन आला. तीन वर्षांच्या फीपायीं घरची म्हैस गेली, माउलीच्या पाटल्या गेल्या. बापानें टोमॅटोची बाजारपट्टी पुढें ठेविली. तींत हमाली होती, तोलाई होती, आणि आडतही होती. चिरंजीवांनीं बेरीज तपासून "बरोबर आहे" म्हणून सांगितलें. बेरीज बरोबर होती. पट्टी खोटी होती! फळें-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेतां खरेदीदारानें द्यावी, हा नियम सरकारनें 2016 सालीं केला. व्यापाराच्या पदवीधरास त्याची दादही नाहीं!

त्या मुलास आम्ही दोष देत नाहीं. त्यास आम्हींच चौथीपर्यंत शिकविलें. पोर हुशार आहे. दोष शिकविणारांचा आहे. मुंबईस सिडनहॅम कॉलेज 1913 सालीं निघालें. तेव्हांपासून व्यापारी शिक्षणास शंभरांवर वर्षें झालीं. एवढ्या काळांत कुणब्याची पट्टी, विणकराचा सुताचा उधारखाता, दूधसंस्थेचा ताळेबंद यांस पदवीच्या वर्गांत मानाची जागा मिळूं नये काय? कंपन्यांची भांडवलें तोंडपाठ, आणि बापाचें भांडवल कोठें बुडालें याचा पत्ता नाहीं!

बरें, मालाच्या नांवाचा तरी भरंवसा आहे काय? 2024-25 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें बी.बी.ए., बी.एम.एस. हे अभ्यासक्रम आपल्या देखरेखीखालीं घेतले. राज्यांत सामायिक प्रवेशपरीक्षा सुरू झाली. लगेच कित्येक कॉलेजांनीं पाटी फिरविली व बी.एम.एस.चें "बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)" केलें. वाण्यानें पोत्यावरची चिठ्ठी बदलली, तर आपण पोतें उघडून पाहतों. येथें मात्र आपण डोळे मिटून पैसे मोजतों!

कोणी म्हणतील, हें शास्त्र इंग्रजीवांचून शिकवितां येत नाहीं. ही शुद्ध थाप आहे. नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ बी.कॉम. मराठींतून शिकवितें. इंग्रजी अवश्य शिकावी. पण हिशेब आधीं समजावा, तो घरच्या भाषेंत.

जोतीराव फुले स्वतः ठेकेदारी करीत. हंटर कमिशनपुढें 1882 सालीं त्यांनीं प्राथमिक शाळेंत वाचन-लेखनाबरोबर हिशेब व शेतीचें ज्ञान मागितलें. ज्याच्या घामाचा पैसा, त्याला त्याचा हिशेब कळला पाहिजे, हाच त्या मागणीचा अर्थ.

तेव्हां बंधूंनो, मुलांस व्यापार शिकवूं नका, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. मुलांस शिकवा, मुलींसही शिकवा! परंतु फी भरण्यापूर्वीं कॉलेजवाल्यांस तीन गोष्टी विचारा: पदवी कोणत्या नांवाची व कोणाच्या मान्यतेची? सर्व वर्षांची मिळून फी किती? आणि आमच्या धंद्याचा हिशेब येथें शिकवितां काय? विद्यापीठानेंही बाजारसमिती, सहकारी संस्था व कारागिरांचे धंदे यांचा अभ्यास मराठींतून सक्तीचा करावा.

पदवीधर मुलानें बापाची पट्टी वाचून "आबा, ही आडत परत मागा" असें म्हटलें, त्या दिवशीं त्या माउलीच्या पाटल्या सार्थकीं लागल्या असें आम्ही समजूं.