तळघरातला पाहुणा

भुताचा सिनेमा बघायची माझी एक पद्धत आहे. लाइट चालू, उशी पोटाशी आणि म्युझिक चढायला लागलं की रिमोटने आवाज बारीक! शुक्रवारी रात्री ‘द बाबाडूक’ लावला तेव्हाही अशीच जय्यत तयारी होती. पण उशी कामाला आलीच नाही. कारण यातली भीती दाराआडून ‘भॉक्’ करत नाही, ती आईच्या चेहऱ्यावर दिसत राहते.

हा ऑस्ट्रेलियन सिनेमा 2014 सालचा. जेनिफर केंट या दिग्दर्शिकेची ही पहिलीच फिल्म. बजेट साधारण 20 लाख डॉलर्स, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चहा-बिस्किटांचा खर्च. सेटसाठी थोडे पैसे तर चक्क इंटरनेटवर वर्गणी काढून उभे केले.

गोष्ट अमेलियाची. बाळंतपणासाठी हॉस्पिटलला निघालेली असताना गाडीला अपघात होतो. नवरा जातो, मुलगा जन्मतो. म्हणजे सॅम्युएलचा वाढदिवस तोच बाबांचा स्मृतिदिन! त्या तारखेला घरात कधी केक कापलेला नाही. नवऱ्याचं नाव काढायचं नाही, त्याच्या वस्तू तळघरात कुलूपबंद. दिवसभर वृद्धाश्रमातली नोकरी आणि रात्री मुलगा झोपू देत नाही. अशात एक पुस्तक हाती लागतं. त्यात असतो उंच टोपीवाला, लांब नखांचा मिस्टर बाबाडूक.

एसी डेव्हिसने अमेलियाची दमणूक अशी केलीय की बघताना आपले डोळे चुरचुरतात. ती मुलाला जे जे बोलते ते ऐकवत नाही. शूटिंगच्या वेळी मात्र सहा वर्षांच्या नोआ वाइजमनला ते ऐकावं लागलं नाही. त्याच्या जागी एक मोठा माणूस गुडघ्यांवर बसायचा आणि ती त्याच्यावर ओरडायची.

आपण आईला थेट देव्हाऱ्यात नेऊन बसवतो. तिथे बसून कुणाला वैतागता येतं का? माझी ऑफिसमधली एक मैत्रीण नवरा गेल्यावर महिन्याभरात कामावर आली. डब्याच्या वेळी आम्ही सगळ्यांनी एकच टेप लावली, ‘आता पोराकडे बघून जगायचं.’ तिने मान हलवली. नंतर एकदा जिन्यात म्हणाली, ‘कधीकधी त्याच्याकडेच बघवत नाही गं.’ मी घाईघाईने सुट्ट्यांचा विषय काढला.

अमेलियाच्या आजूबाजूची माणसंही हेच करतात. सात वर्षं झाली, आता पुरे! आणि जितकं दडपावं तितकं ते भूत माजतं.

शेवट सांगून तुमची मजा घालवत नाही. फक्त एवढंच सांगते, भूत मरत नाही. त्याला घरात जागा द्यावी लागते, रोजचं खाणं द्यावं लागतं.

सोमवारी मैत्रिणीला कॉफीला नेणार आहे. तिने विषय काढला, तर या वेळी मी सुट्ट्यांबद्दल बोलणार नाही.