सुट्टी बॅटरी विमानाने का येत नाही? पॉवर बँक मात्र हातात का चालते?

राजूर (ता. वणी) : ऐन फवारणीत पंपाची बॅटरी बसली की शेतकरी मोबाईलवरून नवी मागवतो. सोबत मागवलेलं मोबाईलचं कव्हर आधी येऊन पडतं, बॅटरी मात्र रस्त्यातच. शिव्या कुरिअरवाल्या पोराला बसतात. दरवेळी चूक त्याची नसते.

हवाई वाहतुकीच्या नियमांत लिथियम-आयन बॅटरी हा धोकादायक माल आहे, वर्ग 9. नुसती बॅटरी असेल तर क्रमांक यूएन 3480. यंत्रात बसवलेली किंवा यंत्रासोबत एकाच खोक्यात असेल तर यूएन 3481. फरक एका आकड्याचा, पण 1 एप्रिल 2016 पासून 3480 प्रवासी विमानात माल म्हणून चढवता येत नाही. मालवाहू विमान लागतं, तेही बॅटरी 30 टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नसेल तर. म्हणून सुट्ट्या बॅटरीच्या नशिबी बहुतेकदा ट्रकच येतो. आम्ल सांडू शकणारी शिशाची बॅटरी आणखी वेगळी, ती वर्ग 8 मध्ये.

एवढा कडकपणा कशापायी? 3 सप्टेंबर 2010 ला दुबईहून निघालेल्या एका मालवाहू बोइंग 747 मध्ये आग लागली. मालात हजारो लिथियम बॅटऱ्या होत्या. विमान कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. या बॅटरीत एक सेल तापला की शेजारचा तापवतो. आग विझवणारा वायू ज्वाळा दाबतो, आतली धग तशीच राहते. राजूरच्या खाणीत काम केलेल्याला हे वेगळं सांगायला नको. कोळशाचा ढीग वरून विझला तरी आतून धुमसतोच.

मग पॉवर बँक विमानात कशी चालते? कारण ती डोळ्यांसमोर असते. ऑक्टोबर 2025 मध्ये दिल्लीत धावपट्टीकडे निघालेल्या विमानात सीटच्या खिशातलं उपकरण पेटलं, कर्मचाऱ्यांनी लगेच विझवलं. तेच खाली सामानात असतं तर? म्हणून नागपूरहून विमान धरणाऱ्यांनी पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी, खाली द्यायच्या बॅगेत नाही. मर्यादा 100 वॅट-तास. नेहमीची 20,000 एमएएचची साधारण 74 भरते.

खरी गडबड पाठवणाऱ्याकडे होते. खोक्यावर 'मोबाईलचं सामान' लिहून आत सुट्ट्या बॅटऱ्या भरल्या की तपासणीत पार्सल अडकतं, आणि नाही अडकलं तर ते प्रवाशांच्या पायाखाली जातं. फुगलेली बॅटरी तर कंपनीला परत पाठवायची असली तरी विमानाने जाऊच शकत नाही. ती दुकानदाराला आधी स्पष्ट सांगायची, पार्सलमध्ये गुपचूप कोंबायची नाही.