पंक्तिप्रपंच आणि रुचिभेद

२०१७ च्या वसंतात कोपनहेगनच्या ‘नोमा’ या जगप्रसिद्ध रेस्तराँने आपली चूल सात आठवड्यांसाठी मेक्सिकोतील तुलुम या समुद्रकाठच्या गावी हलवली. जेवणाचा दर माणशी सहाशे डॉलर, कर वगैरे निराळे. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे तेव्हाचे परीक्षक टॉम सीत्सेमा तेथे जेवले आणि हे दशकातील भोजन होय, असा निर्वाळा त्यांनी दिला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे तेव्हाचे परीक्षक पीट वेल्स तेथे गेलेच नाहीत. आपण या भोजनाचे परीक्षण का करणार नाही, एवढेच सांगणारा लेख त्यांनी लिहिला.

मराठी शिकवणाऱ्यांनी या दूरदेशीच्या जेवणावळीकडे कशासाठी पाहावे, असे कोणी विचारील. आमच्यापैकी एकाने समीक्षेच्या तासाला या दोन लेखांचा मथितार्थ सांगून विद्यार्थ्यांना विचारले, की हे दोघे एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत काय? वर्गातून तत्काळ उत्तर आले, “ज्याची त्याची आवड, सर.” हे वाक्य आम्हां सर्वांच्या परिचयाचे आहे. कादंबरीवरील प्रत्येक उत्तरपत्रिकेच्या तळाशी ते निरनिराळ्या वेषांत भेटते. आमचे म्हणणे असे, की हे वाक्य उदार दिसत असले तरी ते समीक्षेचे दार लावून घेते. एकाच ताटाविषयी दोन जेवणारे परस्परविरुद्ध बोलतात तेव्हा त्यामागे निदान तीन वेगवेगळी कारणे असू शकतात. ‘आवड’ या एका शब्दाखाली ती तिन्ही झाकली, की त्यांतले जे निर्दोष नाही तेही निर्दोष ठरून जाते.

पहिले कारण साधे आहे. ताटच एक नसते. ‘नोमा’ २००३ साली सुरू झाले. पुढच्याच वर्षी उत्तर युरोपातील पाकतज्ज्ञांनी एक जाहीरनामा काढला. आपल्या प्रदेशाचा निर्मळपणा आणि ऋतूंचे बदलते रूप अन्नात उतरले पाहिजे, असा त्याचा आशय होता. २०१८ मध्ये नव्या जागेत आल्यावर रने रेझेपी यांनी हे ऋतुमान आणखी काटेकोर केले. हिवाळ्यापासून वसंतापर्यंत समुद्रातले अन्न, उन्हाळ्यात केवळ वनस्पती, आणि शरदापासून वर्षअखेरीपर्यंत रान व शिकार. म्हणजे जुलैत जेवलेला मनुष्य पालेभाज्या, फुले आणि कंदमुळे यांविषयी बोलणार, तर ऑक्टोबरात जेवलेला मनुष्य बदकाच्या कवटीत वाढलेल्या बदकाच्या मेंदूविषयी. दारावरची पाटी एकच, पण दोघांनी वाचलेली संहिता मात्र निराळी. साहित्यात हा प्रकार आपल्याला नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या दोन पाठपरंपरा समोर ठेवून वाद घालणाऱ्यांना आधी पाठ ठरवून घ्यावा लागतो. त्या मतभेदात कोणाचाही दोष नसतो.

दुसरे कारण जेवणाऱ्यात असते. कांटने १७९० च्या आपल्या ग्रंथात सुखद आणि सुंदर यांत भेद केला, आणि सुखदाचे उदाहरण म्हणून कॅनरी बेटांची मदिरा घेतली. ती मला सुखद वाटते, एवढेच म्हणता येते. इतरांनीही ती तशी मानावी असा आग्रह धरता येत नाही. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’तून कांट शिकलेल्या आमच्या पिढीच्या मनात हा भेद घट्ट रुतून बसला आहे. पण भरताने नेमकी उलटी वाट धरली होती. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे समजावताना त्याने उदाहरण घेतले ते जेवणाऱ्याचे. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न जेवताना सुमनस पुरुष जसा आस्वाद घेतो, तसा प्रेक्षक नाट्याचा घेतो. एकाने जेवण हे सौंदर्यविचाराच्या उंबऱ्याबाहेर ठेवले, तर दुसऱ्याने त्याच जेवणातून सौंदर्यविचाराला आरंभ केला.

आम्हांला या बाबतीत भरत अधिक जवळचा वाटतो, याचे कारण ‘सुमनस’ हा शब्द. त्या एका विशेषणाने जेवणाऱ्यावरही जबाबदारी टाकली आहे. ‘नोमा’च्या ताटात मुंग्या असत. दक्षिण युरोपातील सामग्री टाळायची असे ठरवल्यावर आंबटपणा आणायचा कोठून, हा स्वयंपाकघराचा प्रश्न होता आणि मुंग्यांच्या अंगचे आम्ल हे त्यावरचे एक उत्तर होते. हे ठाऊक असलेल्याला मुंगीत लिंबू सापडते. हे ठाऊक नसलेल्याला ताटात मुंगीच दिसते आणि आपली थट्टा चालली आहे असे वाटते. बस्तरचा मनुष्य या दोघांकडेही आश्चर्याने पाहील, कारण लाल मुंग्यांची चटणी ही त्याच्या घरची गोष्ट आहे. हान्स रॉबर्ट याउस ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हणतो, ते हेच. २०१० साली जगातील सर्वोत्तम रेस्तराँ म्हणून ‘नोमा’चा क्रमांक पहिला लागला. त्यानंतर आलेला प्रत्येक जण भुकेबरोबर तो क्रमांकही घेऊन आला. महिनोन्‌महिने आधी जागा मिळवलेली, आगाऊ पैसे भरलेले, विमानाने आलेले. अशा मनुष्याला जेवण नुसते चांगले वाटून भागत नाही. ते एक तर साक्षात्कार ठरते, नाही तर फसवणूक. अभिनवगुप्ताने रसविघ्ने सांगितली, त्यांत स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे एक आहे. खर्चाचा आकडा सतत मनात घोळवणारा जेवणारा त्या विघ्नाने ग्रासलेला असतो, मग त्याने स्तुती केलेली असो वा निंदा.

येथपर्यंतचा मतभेद आम्हांला हवाच आहे. त्याच्यामुळे संहिता श्रीमंत होते आणि वर्ग जागा राहतो. प्रश्न तिसऱ्या कारणाचा आहे.

त्यासाठी जरा मागे, न्यूयॉर्कला जावे लागेल. १९९३ साली रूथ रायशल ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या भोजनपरीक्षक झाल्या. शहरातील मोठ्या रेस्तराँनी त्यांचे छायाचित्र आधीच मिळवून ठेवले होते. म्हणून त्या ‘ल सर्क’ या तेथील अतिप्रतिष्ठित भोजनगृहात वेष पालटून गेल्या. मिशिगनहून आलेली, शाळेत शिकवून निवृत्त झालेली एक साधीशी बाई, असे सोंग त्यांनी घेतले होते. (शिक्षकाचा वेष घेतला की दुर्लक्ष हमखास होणार, हे त्यांनी ओळखले होते, आमच्या वाचकांनी याची नोंद घ्यावी.) जागा राखलेली असूनही त्यांना ताटकळावे लागले. मद्यांची यादी त्या वाचत असताना दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी ती त्यांच्याकडून मागून नेण्यात आली. पुढे एका भेटीत, जेवण गोडापर्यंत आलेले असताना, त्या कोण आहेत हे उमगले. क्षणात सारे बदलले. मिठाईची लहान तबकडी जाऊन मोठी आली, आणि नव्या टार्टवरच्या रास्पबेरी आधीच्या टार्टवरल्यांच्या तिप्पट आकाराच्या होत्या. शेवटच्या खेपेला तर मालक स्वतः सामोरे आले. स्पेनचे राजे थांबले आहेत, पण तुमचे टेबल तयार आहे, अशा अर्थाचे त्यांनी सांगितले.

रायशल यांनी परीक्षणात दोन्ही जेवणे शेजारी शेजारी मांडली, एक अनोळखी बाईचे आणि एक मानकरणीचे. चार ताऱ्यांचे रेस्तराँ तीनवर आले.

या दोन बायकांतला फरक आवडीचा म्हणता येईल काय? जीभ तर एकच होती. स्वयंपाकघरही तेच होते. बदलला तो वाढणाऱ्याचा हात. याला इंग्रजीत एक नेमका शब्द आहे की नाही, हे आम्ही सांगत नाही. मराठीत मात्र आहे, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाच्या भातावर तुपाची धार आणि दुसऱ्याच्या भातावर थेंब. एकाला जिलबीचा आग्रह आणि दुसऱ्यापुढून ताट रिकामेच पुढे सरकलेले. ही गोष्ट आपल्या समाजात इतकी नेहमीची होती, की तिच्यासाठी स्वतंत्र शब्द घडवावा लागला. आणि हा झाला पंगतीच्या आतला प्रपंच. पंगतीत कोणाला बसू द्यायचे यासाठी तर सहभोजनाच्या चळवळी कराव्या लागल्या.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’चा (१९८४) आरंभ ज्यांनी वर्गात शिकवला आहे त्यांना शाळेची सहल आठवेल. एका झाडाखाली सवर्ण मुले जेवतात, दुसऱ्या झाडाखाली महारांची मुले, आणि पहिल्या झाडाखाली उरलेले अन्न दुसऱ्या झाडाखाली येते. नंतर वर्गात त्याच सहलीवर निबंध लिहायला सांगितले जाते, आणि त्या मुलाला सुरुवात कशी करावी ते कळत नाही. भोजनपरीक्षणाविषयी इतका मर्मभेदी प्रसंग आम्ही अन्यत्र वाचलेला नाही. सहल एक, दिवस एक, झाडे दोन. पहिल्या झाडाखालच्या मुलाने ‘आमची सहल फार आनंदात पार पडली’ असे लिहिले असेल आणि ते खोटे नसेल. तरीही त्या दोन निबंधांतले अंतर ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून मिटवता येईल काय? मराठीतील दलित आत्मकथने म्हणजे, एका अर्थी, गावजेवणाचे कित्येक पिढ्या थांबून राहिलेले दुसरे परीक्षण आहे.

आता पीट वेल्स यांच्या नकाराकडे पुन्हा पाहता येईल. त्यांच्या आक्षेपाचा रोख असा होता, की जे भोजन स्थानिक परंपरेला आणि स्थानिक सामग्रीला वाहिलेले आहे, ते शिजवणारे आणि खाणारे बहुतांशी बाहेरगावचेच आहेत. म्हणजे पदार्थांच्या चवीविषयी त्यांचे भांडण नव्हते. पंगतीत कोण नाही, हे त्यांना सांगायचे होते. सीत्सेमा ताटाविषयी बोलले, वेल्स पंगतीविषयी. दोघेही आपापल्या जागी खरे असू शकतात, आणि म्हणूनच त्यांना एका तराजूत घालून ‘मते भिन्न’ असा शेरा मारणे हा आळस आहे. ‘नोमा’च्याच बाबतीत आणखी एक झाड होते. तेथे शिकाऊ म्हणून राबणाऱ्यांना २०२२ च्या ऑक्टोबरापर्यंत वेतन मिळत नव्हते. ते मिळू लागल्यावर काही महिन्यांतच, २०२३ च्या जानेवारीत, रेझेपी यांनी जाहीर केले की अशा पद्धतीचे रेस्तराँ चालवणे आर्थिकदृष्ट्या आणि माणूस म्हणूनही आता परवडणारे नाही. ताटातली फुले चिमट्याने एकेक लावणारे ते हात कोणत्याच परीक्षणात जेवायला बसलेले नव्हते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. असे पाहू लागलो तर चवीविषयी बोलायचे केव्हा? प्रत्येक ताटाखाली पंगतीचा हिशेबच काढत बसायचे काय? आमचे उत्तर असे, की चवीविषयी बोलण्यासाठीच हा हिशेब आधी सांगायचा. रायशल यांनी ‘ल सर्क’च्या पाककौशल्याला नाकारले नाही. तीन तारे म्हणजे काही थोडे नव्हेत. त्यांनी फक्त आपण कोणत्या पाटावर बसून जेवलो ते उघड केले, आणि त्यामुळे त्यांच्या स्तुतीलाही वजन आले.

मराठी पुस्तकपरीक्षणांचे चित्र या कसोटीवर कसे दिसते? पुस्तक ‘सप्रेम भेट’ म्हणून हाती येते. लेखक परिचयाचा, बहुधा त्याच विद्यापीठाच्या अभ्यासमंडळावरचा, किंवा उद्या आपल्या पुस्तकावर लिहिणारा. आपल्या ताटात पडते ती मोठी रास्पबेरी, आणि आपण वाचकांना प्रामाणिकपणे सांगतो की येथील रास्पबेरी मोठ्या असतात. दूर तालुक्याच्या गावी ग्रंथालयातून तेच पुस्तक नेऊन वाचणाऱ्या, कोणाच्याही ओळखीच्या नसलेल्या वाचकाला ते नीरस वाटले, तर त्याची अभिरुची अजून घडायची आहे असे आपण म्हणतो. हे आम्ही इतरांविषयी लिहीत नाही. या लेखाखाली ज्यांची नावे आहेत त्यांतील प्रत्येकाने स्नेहापोटी एखादे तरी परीक्षण लिहिले आहे, आणि त्यात तो स्नेह नमूद केलेला नाही.

म्हणून या जागेवर यापुढे एक लहानशी शिस्त पाळायचे आम्ही ठरवले आहे. पुस्तक विकत घेतले, ग्रंथालयातून आणले, की लेखकाकडून आले, आणि लेखकाशी आपला काय संबंध, हे परीक्षणाच्या पहिल्याच परिच्छेदात सांगायचे. विद्यार्थ्यांनाही उत्तरपत्रिकेत ‘ज्याची त्याची आवड’ लिहिण्यास आम्ही मनाई करणार नाही. मात्र त्या वाक्यापुढे ‘कारण’ हा शब्द लिहून वाक्य पुरे करावे लागेल. जे कारण सापडेल ते कधी संहितेत असेल, कधी वाचणाऱ्याच्या क्षितिजात, आणि कधी वाढणाऱ्याच्या हातात. ते कोठे आहे हे शोधून पाहिल्याशिवाय पानावरून उठू नये, एवढेच आमचे सांगणे.